नांगर टाकल्यानंतर

समुद्रप्रवासाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांत वादळ असते, फाटलेले शीड असते, संपत आलेले पाणी असते आणि शेवटी डोलकाठीवरचा खलाशी 'जमीन, जमीन' म्हणून ओरडतो. बहुतेक गोष्टी तेथेच संपतात. नांगर टाकल्यानंतर पुढे काय होते, हे फारसे कोणी सांगत नाही. आज मला त्या पुढच्या भागाविषयी बोलावयाचे आहे.

गलबतावरच बिऱ्हाड असलेला प्रवासी आपण डोळ्यांसमोर आणू या. त्याचे अंथरूण, चूल, पेटी, वही सारे गलबतावर. सकाळी तो लहान होडक्यात बसून किनाऱ्याला उतरतो, दिवसभर बेट पायांखाली घालतो आणि तिन्हीसांजा व्हायच्या आत परत गलबतावर येतो. रात्री कंदिलाशी बसून दिवसभरात काय पाहिले ते लिहितो. त्याला बेटावर घर नाही, शेत नाही, नातेवाईक नाही. तो पाहुणा. आता मला सांगा, पाहुण्याला घर कितीसे कळते? कधी घरच्यांच्याही ध्यानात न आलेली गोष्ट त्याला चटकन दिसते, आणि कधी घरातले दुःख दारापाशी असूनही त्याला दिसत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बेटावर कशा घडल्या, ते मी आज सांगणार आहे. हे बेट मी स्वतः पाहिलेले नाही. भूगोल शिकविताना नकाशावर पुष्कळदा त्याच्यावर बोट ठेवले आहे, आणि तेथे गलबताने गेलेल्या दोन प्रवाशांचे लिखाण वाचले आहे. तेवढ्या शिदोरीवर आपण निघू.

बेटाचे नाव कोकोस, किंवा कीलिंग. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे बारा अंशांवर ते आहे. जावा बेट तेथून हजारेक किलोमीटर, तर ऑस्ट्रेलियातले पर्थ शहर पावणेतीन हजार किलोमीटर. मध्ये पाणीच पाणी. ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम कीलिंग नावाचा कप्तान १६०९ मध्ये तेथून गेला, त्याचे नाव बेटांना मिळाले. दुसरे नाव मिळाले ते माडांवरून.

बेट म्हणताना मी एकवचन वापरले खरे, पण ती आहेत लहानमोठी सव्वीस बेटे, आणि ती एखाद्या बांगडीसारखी गोलाकार मांडलेली आहेत. बाहेर खोल, खवळलेला महासागर. बांगडीच्या आत उथळ, शांत, हिरवे पाणी. उत्तरेकडे बांगडी थोडी तुटलेली आहे, तेथून गलबते आत येतात. अशा बेटाला भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीप म्हणतात. आपल्या लक्षद्वीपातली बेटे याच जातीची. ती सारी पोवळ्यांची, म्हणजे प्रवाळ नावाच्या चिमुकल्या जीवांच्या सांगाड्यांची बनलेली असतात. आणि उंची किती म्हणाल? बहुतेक जमीन समुद्रापासून पाच मीटरसुद्धा वर नाही. आपल्याकडचा दुमजली वाडा तेथे नेऊन ठेवला तर तोच त्या मुलखातला डोंगर ठरेल.

इतके बुटके बेट दुरून दिसणार कसे? आपल्या कोकण किनाऱ्याकडे येणाऱ्या गलबताला आधी सह्याद्रीची निळी रेघ दिसते. येथे तसे काही नाही. आधी भेटतात ते पक्षी. मग अगदी क्षितिजावर, जणू पाण्यातच उगवलेले, माडांचे शेंडे दिसतात. जमीन त्यानंतर. आत शिरतानाही डोळ्यांत तेल घालून चालावे लागते. अनुभवी खलाशी सूर्य डोक्यावर आला म्हणजेच प्रवाळांमधल्या वाटेत शिरतो, कारण त्या वेळी पाण्याचा रंग वाचता येतो. गर्द निळे पाणी म्हणजे खोल. फिकट हिरवे म्हणजे खाली पांढरी वाळू. आणि तपकिरी, पिवळट डाग दिसला की समजावे, तेथे पोवळ्यांचा खडक दबा धरून बसला आहे; गलबताचा तळ चिरायला तो पुरेसा आहे.

१ एप्रिल १८३६ या दिवशी 'बीगल' नावाचे इंग्रजी शिडाचे जहाज या हिरव्या पाण्यात शिरले. लांबी जेमतेम नव्वद फूट, आणि त्यावर सत्तरांहून अधिक माणसे. कप्तान होता फिट्झरॉय, आणि सृष्टिनिरीक्षणासाठी बरोबर आलेला सत्तावीस वर्षांचा तरुण होता चार्ल्स डार्विन. पुढे जगप्रसिद्ध झालेला हा शास्त्रज्ञ तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ त्या जहाजावर राहत होता. कीलिंगला जहाज थांबले ते अवघे अकरा-बारा दिवस. पण तेवढ्या दिवसांत या माणसाने काय काय केले पाहा.

तो बेटांवर पायी हिंडला. कोणती झाडे आपोआप उगवली आहेत ते त्याने गोळा करून मोजले. ती विसाच्या आसपास भरली. एवढ्या मोठ्या माडांच्या राज्यात रानटी झाडांच्या जाती विसाच्या घरात! त्यांचे बी आले कोठून? दूरच्या सुमात्रा-जावाकडून लाटांवर तरंगत. त्याने कासवांची शिकार पाहिली. पाणी उथळ आणि आरशासारखे स्वच्छ. होडीच्या टोकाला एक माणूस उभा राहतो. कासव टप्प्यात आले की तो सरळ त्याच्या पाठीवर उडी घेतो आणि मानेजवळचे कवच दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतो. कासव त्याला घेऊन पळते, पळते, आणि शेवटी थकून थांबते.

तेथला खेकडा तर आपल्या कोकणातल्या मुलांनी ऐकावाच असा. तो नारळ खातो. नारळ सोलणे किती कष्टाचे, हे आपल्या मायबहिणींना ठाऊक आहे. हा प्राणी सोडणाची एकेक शीर ओढून काढतो, आणि तीही कोणत्या बाजूने? जिकडे नारळाचे तीन डोळे असतात, नेमकी तिकडून! मग जड नांगीने डोळ्यावर ठोके घालून भोक पाडतो आणि मागच्या बारीक नांग्यांनी आतले खोबरे बाहेर काढतो. हा खेकडा माडावरही चढतो असे काही लेखकांनी लिहून ठेवले होते. डार्विनला ते खरे वाटले नाही. आज आपल्याला माहीत आहे की तो चढतो. एवढ्या मोठ्या निरीक्षकाचाही अंदाज एखादे ठिकाणी चुकतो, हे शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर सांगावे. मुलांना त्याने धीर येईल.

पण या सगळ्या गमतीजमती. डार्विनच्या मनात खरा प्रश्न वेगळाच होता. ही बांगडी उभी कशावर आहे?

ओहोटीच्या वेळी तो बाहेरच्या कडेपर्यंत, जेथे महासागराच्या लाटा फुटतात आणि जिवंत पोवळी वाढतात तेथपर्यंत पाण्यातून चालत गेला. दुसरीकडे फिट्झरॉयची माणसे पाण्याची खोली मोजीत होती. मोजण्याची रीत साधी होती. दोराला शिशाचे जड वजन बांधायचे आणि वजनाच्या खालच्या अंगाला चरबी थापायची. वजन तळाला टेकले म्हणजे जे काही तळाशी असेल ते चरबीला चिकटून किंवा चरबीत ठसा उमटवून वर येते. दहा वावांच्या आत चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उठून येत. आणखी खोल गेले की ठसे कमी आणि वाळूचे कण जास्त. वीस-तीस वावांपलीकडे नुसती वाळू. याचा अर्थ उघड होता. बेट बांधणारे हे जीव उन्हाचा उजेड पोहोचतो अशा उथळ पाण्यातच जगतात. खोल काळोखात ते राहू शकत नाहीत.

आणि मग दुसरे मोजमाप आले. किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर कप्तानाने ७,२०० फूट लांबीचा दोर सोडला. तो तळाला लागला नाही! श्रोतेहो, आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाई सबंध बुडून वर दीड हजार फुटांहून अधिक पाणी राहील एवढी खोली, आणि तीही किनाऱ्यापासून अर्ध्या कोसाच्या अंतरावर. हे बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून उठलेला एक प्रचंड पर्वत आहे आणि आपण फक्त त्याच्या माथ्यावर उभे आहोत.

आता कोडे पाहा. वरचा भाग पोवळ्यांनी बांधलेला. पोवळी तर वीस-तीस वावांखाली जगत नाहीत. मग इतक्या खोल समुद्रात ती उभी राहिली कशी? डार्विनचे उत्तर असे: मुळात येथे ज्वालामुखीचा पर्वत होता. त्याचा माथा पाण्याबाहेर होता आणि त्याच्या कडेकडेने, उथळ पाण्यात, पोवळ्यांनी कुंपण घातले. मग तो पर्वत अगदी सावकाश, हजारो-लाखो वर्षे खाली खचत गेला. पोवळी मात्र उजेड सोडावयास तयार नव्हती. पर्वत जितका खाली जाई तितकी ती वर वाढत. शेवटी पर्वत दिसेनासा झाला आणि त्याच्याभोवतीचे कुंपण तेवढे पाण्यावर उरले. तेच हे कंकण. एखाद्या पडक्या वाड्याचे घर नाहीसे व्हावे आणि भोवतालची कुंपणभिंत उभी राहावी, तसे काहीसे. फरक एवढाच की ही भिंत जिवंत आहे आणि आपली डागडुजी आपणच करते.

ही कल्पना डार्विनला सुचली होती दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, खरेखुरे प्रवाळबेट पाहण्याच्याही आधी. कीलिंगला त्याने ती पायांनी आणि दोराने तपासून पाहिली. १८४२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुष्कळांना ते पटले, पुष्कळांना नाही. निकाल लागला तो ११० वर्षांनी. १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटोक या कंकणद्वीपावर अमेरिकनांनी खोल भोक पाडले. चार हजार फुटांहून अधिक पोवळ्यांचा चुनखडक लागला आणि त्याच्याखाली, डार्विनने म्हटल्याप्रमाणे, ज्वालामुखीचा काळा खडक! हिमयुगांत समुद्राची पातळी खालीवर झाली, तिचाही बेटांच्या घडणीत वाटा आहे, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी दाखविले. पण मूळ गोष्ट त्या तरुणाची खरी ठरली.

शेतकरी श्रोत्यांना मनापासून रस वाटेल अशी आणखी एक गोष्ट त्याने टिपली आहे, आणि ती विहिरींची आहे. चारी बाजूंनी खारे पाणी, खाली सच्छिद्र पोवळी, नदी नाही, ओढा नाही. तरीही या बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि येणारी जहाजे तेथून पाणी भरून घेत. नवल पुढेच आहे. या विहिरींचे पाणी समुद्राच्या भरतीबरोबर वर येते आणि ओहोटीबरोबर खाली जाते, पण राहते गोड. असे का व्हावे? पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते आत गेल्यावर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय असावी तसे. भरती आली की खालचे खारे पाणी वर उचलले जाते आणि आपल्याबरोबर गोड्या सायीलाही उचलते. विहीर जास्त खोल खणली किंवा उपसा फार केला की साय फाटते आणि खारे पाणी वर येते. आपल्या किनाऱ्यावरच्या ज्या गावांत विहिरी मचूळ झाल्या आहेत, तेथल्या लोकांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

आता माणसांकडे वळू. ही बेटे मुळात निर्जन. १८२६ मध्ये अलेक्झांडर हेअर नावाचा इंग्रज आपल्याबरोबर मलायी स्त्रीपुरुषांना घेऊन तेथे उतरला. पुढच्याच वर्षी जॉन क्लूनीज-रॉस हा स्कॉटिश कप्तान कुटुंबासह तेथे राहावयास आला. दोघांचे पटले नाही. हेअर निघून गेला आणि बेट रॉसच्या हाती राहिले. मलायी माणसे माडांखाली राबत राहिली. डार्विनने त्यांची वस्ती पाहिली. घरांभोवती बागबगीचा नाही, सगळे उदास, असे त्याला वाटले. एका रात्री मलायी बायकांनी लाकडी पळीला कपडे नेसवून, पौर्णिमेच्या चांदण्यात गाणी म्हणत तिला नाचविले, तेही त्याने पाहिले. आणि नंतर गलबतावर बसून त्याने लिहिले, त्याचा मतलब असा: ही माणसे नावाला स्वतंत्र आहेत, वागणूकही त्यांना वाईट मिळत नाही, पण बाकीच्या बहुतेक बाबतींत त्यांना गुलामच समजले जाते. चारच ओळी, पण पाहुण्याने यजमानाच्या घरी जेवून लिहिलेल्या आहेत, हे ध्यानात घ्या.

एकसष्ट वर्षे गेली. १७ जुलै १८९७ रोजी त्याच उत्तरेकडच्या वाटेने एक लहानसे गलबत आत आले. नाव 'स्प्रे', लांबी सुमारे ३७ फूट. त्यावर एकच माणूस होता: जोशुआ स्लोकम, वय त्रेपन्न. हा जातिवंत दर्यावर्दी. एक मोडके गलबत त्याने स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधले, १८९५ मध्ये बोस्टनहून तो निघाला, आणि १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत गेला. एकट्याने जगाला फेरा घालणारा तो पहिला माणूस. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडून कीलिंगपर्यंतचे २,७०० मैल त्याने तेवीस दिवसांत तोडले, आणि त्यांत सुकाणूला हात लावला तो अगदी थोडे तास. शिडे आणि सुकाणू अशी बांधलेली की गलबत आपली वाट आपण धरी. शेवटच्या दिवशी एक पांढरा पक्षी फडफडत त्याच्याकडे आला. स्लोकम डोलकाठीवर अर्ध्यापर्यंत चढला आणि त्याला समोर पाण्यातून उभे असलेले माड दिसले.

हा मनुष्य तेथे महिनाभराहून अधिक राहिला. मोजमापे घेण्यासाठी तो आलेला नव्हता. त्याला गलबताचा तळ खरवडून डांबर लावावयाचे होते, आणि कित्येक दिवसांच्या एकान्तानंतर माणसे हवी होती. बेटावर मुलेच मुले. मुलांची आणि त्याची गट्टी जमली. एका बाजूला तो गलबताला डांबर फाशी आणि दुसऱ्या बाजूला बिस्किटाला काळा मुरंबा लावून खाई. मुलांनी दोन्ही पाहिले आणि ठरवून टाकले, की हा कप्तान डांबर खातो!

तळ साफ करण्यासाठी उधाणाच्या भरतीला त्याने गलबत वाळूवर ओढून घेतले होते. काम झाले, पण परत पाण्यात जाईना. मुलांनी कारण शोधले: एका अजस्र खेकड्याने त्याचा कणा खालून धरून ठेवला आहे. मग ठरले, की बेटावरच्या मुसलमान धर्मगुरूने मुरंब्याच्या एका बरणीच्या बदल्यात प्रार्थना करावी आणि खेकड्याला सोडावयास लावावे. प्रार्थना झाली, बरणी दिली गेली, आणि पुढच्या भरतीला गलबत तरंगले. स्लोकमने या गोष्टीची थट्टा केली नाही आणि खंडनही केले नाही. उधाण आणि भांग यांचा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. तरी मुलांचा खेकडा त्याने मुलांपाशीच राहू दिला.

गलबताचा तोल राखण्यासाठी तळात वजन घालावे लागते. त्याला तेथले राक्षसी शिंपले हवे होते. एकेक शिंपला एवढा मोठा की त्याच्या मिटत्या तोंडात हात सापडला तर सुटणे कठीण. ते आणण्यासाठी तो बेटावरच्या एका आफ्रिकन सोबत्याबरोबर एका जुनाट होडक्यातून गेला. मध्येच वावटळ आली आणि कुजके शीड फाटून उडून गेले. वल्हे नाही. नांगर आहे, पण दोर पुरत नाही. वारा त्यांना बाहेर, उघड्या समुद्राकडे ढकलू लागला. आणि त्या दिशेला पहिली जमीन म्हणजे तीन हजार मैलांवरचा आफ्रिका खंड! तीन महासागर एकट्याने पालथे घालणारा दर्यावर्दी, आणि बुडावयाची वेळ आली ती बेटाच्या अंगणात. सुदैवाने होडक्यात एक काठी सापडली. तिचेच वल्हे केले, वाऱ्याने किंचित दिशा बदलली, पाणी उथळ लागले आणि काठी टेकता आली. जीव वाचला. किनारा जवळ आहे म्हणून सावधपणा सोडू नये, हे आपल्या कोळीबांधवांना मी काय सांगावे!

स्लोकमने पुढे लिहिले, की पृथ्वीवर स्वर्ग असेल तर तो येथे आहे. मुले हसरी, माणसे प्रेमळ, चोरीमारी नाही. त्याने पाहिले ते खोटे नव्हते. पण श्रोतेहो, त्या स्वर्गाची सनद कोणाच्या नावावर होती? १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ही बेटे क्लूनीज-रॉस घराण्याला कायमची लिहून दिली होती. जमीन त्यांची, माड त्यांचे, दुकान त्यांचे. मजुरी मिळे ती त्या घराण्याने स्वतः काढलेल्या नाण्यांत, आणि ते नाणे फक्त त्यांच्याच दुकानात चाले. त्या नाण्याचे नाव ऐकून आपल्याला नवल वाटेल. त्याला म्हणत रुपया! आपल्या देशातला सावकारीचा पाश ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या रुपयाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. जो रुपया बेटाबाहेर चालत नाही, तो मजुराला बेटाबाहेर जाऊ देत नाही.

हे पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक चालले. १९५५ मध्ये बेटांचा कारभार ऑस्ट्रेलियाकडे आला. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने साडेबासष्ट लाख डॉलर देऊन त्या घराण्याकडून बहुतेक सारी जमीन विकत घेतली. आणि ६ एप्रिल १९८४ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, बेटावरच्या माणसांनी प्रथमच आपल्या भवितव्याविषयी मत दिले. स्वतंत्र व्हावे, की ऑस्ट्रेलियात सामील व्हावे? मोठ्या बहुमताने त्यांनी ऑस्ट्रेलियात सामील होण्याचे ठरविले. ज्यांचे आजे-पणजे डार्विनला आणि स्लोकमला भेटले असतील, त्यांच्या हातात तेव्हा कोठे मतपत्रिका आली.

आज तेथे सुमारे सहाशे माणसे राहतात, बहुतेक मलायी वंशाची. विमानाची धावपट्टी आहे. आणि हिंदी महासागर ओलांडणारी शिडाची गलबते अजूनही त्याच हिरव्या पाण्यात नांगर टाकतात. स्लोकमची परंपरा आपल्याकडेही आली आहे. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. मात्र कंकणद्वीपांपुढे आज नवे संकट उभे आहे. समुद्राची पातळी चढते आहे आणि पाणी तापल्याने पोवळी मरत आहेत. पर्वत खचला तरी ज्या भिंतीने हार खाल्ली नाही, ती भिंत बांधणारे हातच आता दुबळे होत आहेत. बेट बुडण्याच्या पुष्कळ आधी विहिरीवरची ती गोड साय नाहीशी होईल, आणि माणसाला तेथून निघावे लागेल ते तहानेने.

शिक्षकबंधू-भगिनींनो, जाता जाता एक सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेला सहलीसाठी बेट लागत नाही. गावाबाहेरचा माळ, ओढा, एखादी टेकडी पुरे. मुलांना तेथे न्या, आणि गलबतावरून उतरलेल्या पाहुण्यासारखे, जणू प्रथमच आल्याप्रमाणे पाहावयास सांगा. संध्याकाळी परत आल्यावर लिहावयास लावा. तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. याच्या खाली काय आहे? येथे पाणी कोठून येते? आणि हे कोणाचे आहे? पहिल्या प्रश्नासाठी दोर किंवा पहार लागेल. दुसऱ्यासाठी विहिरीत डोकावावे लागेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र मुलांना घरोघर जाऊन, माणसांशी बोलूनच मिळेल. एखाद्याने पदरचे रंगवून सांगितले, तर दुसऱ्या घरी तोच प्रश्न पुन्हा विचारावयास सांगा.